नऊ नंबरच्या माणसाची बोटं

विज्ञानाचा सिनेमा आहे म्हटल्यावर अमरावतीत "मला कळला नाही" असं म्हणायला कोणी तयार होईना. सगळा घोळ तिथून झाला. एरवी आमचे लोक असे सोडणारे नव्हेत. गाण्याच्या दुसऱ्या कडव्यात नायिकेची टिकली जरा सरकलेली दिसली तरी थर्ड क्लासातून आरोळी उठते. पण पडद्यावर रॉकेट उभं राहिलं, चार दिवे लुकलुकले, पांढरा कोट घातलेला माणूस इंग्रजीत आकडे बोलला, आणि सगळं गाव शहाण्यासारखं गप्प बसलं.

ही गोष्ट एकसष्ट सालच्या दसऱ्याची. मी नगरपालिकेच्या मुलींच्या शाळेत चौथीला शिकवत होते. वय चोवीस, स्वभाव तिखट. शाळेत माझ्यामागे मला 'लवंगी' म्हणत आणि ते मला ठाऊक होतं. सिनेमा मात्र मी जीव लावून पाहायची. घरी येऊन वहीत लिहायची, कोणाचं काम खरं वाटलं, कोणाचं खोटं आणि का. अशा चार वह्या भरल्यावर मला वाटू लागलं की हे छापून आलं पाहिजे आणि खाली माझं नाव पाहिजे.

आमच्याकडे 'पायवाट' नावाचं साप्ताहिक निघायचं. त्यात सिनेमाचं सदर होतं, पण त्याला धनी नव्हता. फुकट पास ज्याच्या हाती पडेल तो लिहायचा. मी वह्या घेऊन संपादक खुशालरावांकडे गेले. त्यांनी दोन पानं उभ्यानं वाचली, मग बसून आणखी दहा वाचली. मग पूर्ण नाव विचारलं. मी सांगितलं. गाव विचारलं. वलगाव म्हटलं. वलगावात कुठे, तेही विचारलं. मी तेही सांगितलं, आणि माझी माय लोकांच्या शेतात कापूस वेचते हे न विचारता सांगून टाकलं, म्हणजे त्यांचे पुढचे तीन प्रश्न वाचले. ते थोडा वेळ दौतीचं बूच काढत आणि लावत राहिले. माणूस वाईट नव्हता, भित्रा होता.

शेवटी ते म्हणाले की दसऱ्याला नवा सिनेमा लागतो आहे, त्यावर लिहून आणा. कोणी काम कसं केलं आणि पात्र कसं वाढत गेलं, एवढंच लिहा. जमलं तर सदर तुमचं, दर आठवड्याला, नावासकट. नाही जमलं तर विषय संपला. मला तरी दुसरं काय पाहिजे होतं.

दसऱ्याला माय अमरावतीला आली. छप्पन सालापासून आमच्या घरी दसरा म्हणजे दीक्षेचा दिवस. पांढरं लुगडं नेसून ती सकाळी मिरवणुकीत चालली, भाषणं ऐकली, आणि दुपारी मी तिला तीनच्या खेळाला घेऊन गेले. माझ्या मायचं नाव भागीरथा. तिनं त्याआधी आयुष्यात दोन सिनेमे पाहिले होते आणि दोन्ही तिला लांबवलेले वाटले होते.

'नौ नंबर का आदमी' या सिनेमाची कथा अशी. एक शास्त्रज्ञ चंद्रावर पाठवायला लोखंडी माणूस बनवतो. आठ बिघडतात, नववा चालतो. त्याला माणसांची सवय व्हावी म्हणून शास्त्रज्ञ त्याला आपल्या म्हाताऱ्या आईजवळ ठेवतो. शेवटी चंद्रावरून परत निघताना रॉकेटला वजन जास्त होतं, आणि नऊ नंबर आपण होऊन खाली उतरतो. पोस्टरवर नायक-नायिकेची तोंडं भलीमोठी रंगवली होती, पण ज्यानं नऊ नंबरचं काम केलं त्या नटाचं नावसुद्धा नव्हतं. बिचारा डोक्यापासून पायापर्यंत पत्र्यात होता. दिसायचे फक्त त्याचे डोळे आणि हाताची बोटं.

आम्ही पाहिलं ते असं. कारखान्यातून निघालेला नऊ नंबर लगेच म्हातारीच्या उशाशी बसलेला दिसला. म्हातारी तापानं फणफणलेली, आणि हा तिच्या तोंडात चमच्यानं पाणी सोडतो आहे. मग ती बरी होऊन हिंडूफिरू लागते, त्याला भाकरी थापायला शिकवते. आणि इंटरव्हलच्या अगदी आधी तोच नऊ नंबर पाण्याचा माठ फोडतो, पितळी तांब्या मुठीत चेपतो, दाराची कडी उपटून काढतो. लोक चक्रावले. मग ज्यानं त्यानं आपापली समजूत घातली. आमच्या मागच्या बाई शेजारणीला म्हणाल्या की त्याची चावी उतरली. शेजारीण म्हणाली, पेच ढिला झाला असन. शेवटी तो चंद्रावर एकटा राहिला तेव्हा कोणाच्या डोळ्यात टिपूस नव्हतं. उलट पुढून कोणी तरी "बरं झालं" म्हणालं आणि थेटर हसलं.

बाहेर पडून आम्ही टांग्यांच्या अड्ड्याकडे चाललो. माय आपल्याच हाताची बोटं उघडत आणि मिटत होती. मग म्हणाली, "त्या लोखंड्याचं काम चांगलं आहे. पण उलटं दाखवून राह्यले."

मी विचारलं, उलटं म्हणजे कसं.

"वेचणीले नवी पोरगी आली का ती पंजा मारते. कापसासंगं पाला येते, काडी येते, सारं येते. मंग हळूहळू तिची बोटं सुटी होते. तीन बोटानं कापूस अलगद निंगते, पाल्याचा कण नाई. एकदा बोटं सुटी झाली का मंग ती पंजा मारत नाई, मारतो म्हटलं तरी. शिकलेला हात अडाणी होत नाई, जमुने. मंग पाणी पाजल्यावर हा माठ कसा फोडन?"

मी भर रस्त्यात थांबले. मला वाटलं होतं की नट मध्येच आपलं काम विसरला. वहीत मी तसं लिहिणारही होते. मला राग आला, मायचा नाही, माझ्या चार भरलेल्या वह्यांचा.

पुढच्या चार दिवसांत मी तो सिनेमा तीनदा पाहिला. नायक-नायिकेकडे ढुंकून पाहिलं नाही; फक्त बोटं आणि डोळे. माठ फोडताना त्याची पाचही बोटं एकदम उघडायची आणि एकदम मिटायची, आणि डोळे लवायचेच नाहीत. मी नव्वदपर्यंत आकडे मोजले. भाकरी थापताना अंगठा वेगळा झालेला होता, आणि कोणी बोललं की थोड्या वेळानं एकदा पापणी हलायची. पाणी पाजताना मात्र एकेक बोट आपापलं हलत होतं, आणि म्हातारीला खोकला येणार हे त्याच्या डोळ्यांना आधीच कळत होतं. त्या माणसानं एक शिडी पायरी पायरीनं बांधली होती आणि कोणी तरी वरची पायरी खाली आणून लावली होती. कोणती, तेही मी शोधलं. दर दहा मिनिटांनी पडद्याच्या कोपऱ्यात ठिपका उमटतो आणि रीळ बदलतं. मी ठिपके मोजले. चौथं रीळ आणि सातवं रीळ एकमेकांच्या जागी चाललं होतं.

मी परीक्षण लिहिलं. नटाला शंभरपैकी पंचाण्णव गुण दिले आणि टॉकीजला भोपळा.

खुशालराव आधी हसले आणि मग घाबरले. टॉकीजची जाहिरात त्यांच्या शेवटच्या पानावर असायची. शिवाय त्याच आठवड्यात कॉलेजातल्या प्राध्यापक जानरावांचा लेख त्यांनी छापला होता, 'यंत्राचा अधःपात'. यंत्र जन्मतः निर्मळ असतं, माणसाच्या सहवासात ते हिंस्र होतं, म्हणून आधी पाणी आणि मग माठ, असा त्यांचा सिद्धान्त. अकोल्यात हाच सिनेमा आधी आठ आठवडे चालला आणि लोक रडत बाहेर पडले, अशी बातमी होती. त्यावर सरांचं म्हणणं, अकोला व्यापाऱ्यांचं गाव, ते कशालाही रडतं.

खुशालराव म्हणाले की हजारो लोकांनी पाहिला, प्राध्यापकांनी पाहिला, ऑपरेटर वीस वर्षांचा जुना आहे, आणि तुम्ही. पुढे ते थांबले.

"आणि मी, अन् एक कापूस वेचणारी बाई. असंच ना?" मी म्हटलं.

ते म्हणाले, तसं नाही, पण अकोल्याला कोणाला तरी विचारून घ्या. अकोल्यात माझी मैत्रीण सुभद्रा शिक्षिका होती. मी तिला कार्ड टाकलं, माठ आधी फोडतो की पाणी आधी पाजतो, एवढाच प्रश्न. पण खुशालरावांना बजावलं की उत्तराची वाट मी पाहणार नाही. माझं दिसणं खरं आहे की नाही हे अकोल्याच्या टपालावर ठरणार असेल तर मी सदर लिहायचं तरी कशाला?

त्या रविवारी वाचनालयात याच सिनेमावर चर्चा ठेवली होती. जानराव सर तासभर बोलले आणि टाळ्या घेतल्या. मग मी उठले आणि मायनं ओळखलेलं बोटांचं सांगितलं. हशा पिकला. शास्त्रज्ञ चौथ्या भागात यायला हवं ते वाक्य सातव्या भागात बोलतो, "आज से यह यहीं रहेगा", हेही मी दाखवून दिलं. लगेच उत्तर आलं की मध्ये तो दुरुस्तीला नेला होता, परत आणला तेव्हाचं ते वाक्य. विज्ञानाचा सिनेमा असल्यामुळे प्रत्येकाजवळ प्रत्येक गोष्टीचं उत्तर होतं.

जानराव सर अगदी सौम्यपणे म्हणाले, "बाई, मुलींचा पाढा चुकला तर आपण जरूर सांगा. इथे प्रश्न कलेचा आहे."

मागच्या बाकावरून टॉकीजचा ऑपरेटर पुंजाराम उठला. त्याचा चेहरा लाल झाला होता. तो म्हणाला की वीस वर्षांत त्यानं एक रीळ चुकवलं नाही, डब्याच्या झाकणावरचा आकडा पाहून लावतो, आणि बाईंनी त्याच्या पोटावर पाय देऊ नये. ते मला लागलं. मी एवढा वेळ त्या पत्र्यातल्या नटाचा विचार केला होता, याचा केलाच नव्हता.

पण मागे हटणं माझ्या स्वभावात नाही. मी म्हटलं, परवा सकाळी एक खेळ लावा, चौथं आणि सातवं अदलाबदल करून. मी चुकले तर टॉकीजच्या पायऱ्यांवर उभी राहून पुंजारामभाऊंची माफी मागीन आणि पुन्हा सिनेमावर एक ओळ लिहिणार नाही. टॉकीजचे मालक तिथेच होते. सिनेमा येत्या गुरुवारी उतरवायचाच होता, अर्ध्या खुर्च्या रिकाम्या जात होत्या. त्यांनी तिथल्या तिथे होकार दिला.

ते दोन दिवस मला अन्न गोड लागलं नाही. मनात यायचं की समजा दिग्दर्शकच वेडा असला तर? समजा त्यानंच असं जोडलं असलं तर? सदर तर जाईलच, पण एका माणसाला विनाकारण चार लोकांत उभं केल्याचं पाप लागेल. वलगावला निरोप धाडला, तशी माय वेचणी सोडून आली. तिला मी विचारलं, तुला खात्री आहे ना. तिनं माझ्याकडे अशी नजर टाकली की मी पुन्हा विचारलं नाही.

मंगळवारी सकाळी टॉकीज तुडुंब भरली. काही सिनेमा पाहायला आले होते, बरेचसे माझी फजिती पाहायला. पहिली तीन रिळं नेहमीचीच गेली. मग कोपऱ्यात ठिपका उमटला आणि शास्त्रज्ञ नऊ नंबरला घेऊन आईच्या दारात उभा राहिला. आज से यह यहीं रहेगा. म्हातारीनं त्याला आपादमस्तक न्याहाळलं. त्यानं पंजा पुढे केला, पाची बोटं एकदम, आणि माठ फुटला. आठवडाभर ज्या माठावर लोक कपाळाला आठ्या घालत होते त्यावर सगळं थेटर खळखळून हसलं. तांब्या चेपला, हसलं. कडी उपटली, तेव्हा दसऱ्याच्या खेळातल्या त्या मागच्या बाई, आजही आमच्याच मागे बसलेल्या, म्हणाल्या, नवा आहे बिचारा.

पाचव्यात अंगठा सुटा झाला. सहाव्यात पापणी लवली. लोकांना हे बोटाबोटानं कळत नव्हतं, कळायची गरजही नव्हती. हसणं हळूहळू बंद होत गेलं एवढं मला अंधारात ऐकू येत होतं. आणि सातव्यात म्हातारी तापानं पडली आणि त्यानं चमचा उचलला. माठ फोडणारा तो हात चमचा उचलतो, तीन बोटांनी, आणि एक थेंब सांडत नाही. मागच्या बाईंचा हुंदका आला. चावी उतरली म्हणणाऱ्या त्याच. मग बाल्कनीतून नाक ओढल्याचे आवाज येऊ लागले. शेवटी चंद्रावर तो रॉकेटमधून उतरला आणि बाहेरून दाराची कडी अलगद लावली, त्याच तीन बोटांनी. हे दृश्य आधीही रोज दिसत होतं, पण कडीकडे कोणी पाहिलंच नव्हतं. आता सगळ्यांनी पाहिलं.

लोक उभे राहून टाळ्या वाजवू लागले. मी रडले. मला आनंद झाला होता आणि जिंकल्याचा माजही चढला होता. दोन्ही कबूल करते. माय तेवढी बसून होती. ती म्हणाली, आता सरळ झालं.

दिवे लागल्यावर पुंजाराम दोन डबे घेऊन खाली आला. त्यानं ते सगळ्यांसमोर उलटे केले. झाकणावर पांढऱ्या रंगात चार होता, बुडाला खिळ्यानं कोरलेला सात. दुसऱ्याच्या झाकणावर सात, बुडाला चार. रिळांची पेटी आली ती खंडेनवमीला. दर वर्षीप्रमाणे त्यानं मशीन पुसलं, सगळ्या डब्यांची झाकणं काढून चिंचेनं घासली, हळदकुंकू वाहिलं, हार घातला, आणि परत लावताना दोन झाकणं बदलली. रिळांच्या सुरुवातीचे आकडे तर झिजून केव्हाच गेले होते. इतक्या श्रद्धेनं केलेली चूक मी आजवर पाहिली नाही.

"चूक माही आहे," पुंजाराम मायकडे पाहत म्हणाला. "वीस वर्षांतली पयली. मशीनीमागून मले दिसलं नाई, मावशीले दिसलं."

मला टोमणा मारायचा होता, दोन दिवस घोकून ठेवलेला. तो तोंडातून निघालाच नाही. मी म्हटलं, भाऊ, सगळी झाकणं सारखीच असतात. आणि त्याला एक काम सांगितलं, सुरुवातीच्या पाट्यांतून त्या नटाचं नाव शोधून द्यायचं. ते इतक्या लहान अक्षरात होतं की त्यानं पट्टी दिव्यासमोर धरून वाचलं. लतीफ मिर्झा.

सिनेमा अमरावतीत दहा आठवडे चालला, अकोल्यापेक्षा दोन जास्त, आणि हे आम्ही अकोल्याच्या माणसाला अजून सांगतो. सुभद्राचं कार्ड शुक्रवारी आलं: माठ आधी. का गं? जानराव सरांनी पुढच्या अंकात नवा लेख दिला, 'यंत्राचा उत्कर्ष'. अवतरणं तीच होती.

मी माझा लेख त्या मंगळवारी दुपारीच नव्यानं लिहून खुशालरावांच्या टेबलावर ठेवला. पहिलंच वाक्य होतं: 'या चित्रपटाचं खरं परीक्षण माझी माय भागीरथा, राहणार वलगाव, कापूस वेचणारी, हिनं केलं, मी फक्त लिहून काढलं.' दुसऱ्या वाक्यात लतीफ मिर्झाचं नाव होतं. खुशालरावांनी संबंध लेख वाचला, मान डोलावली, सदर तुमचं म्हणाले, आणि लाल पेन्सिल घेऊन पहिल्या वाक्यावर आडवी रेघ मारायला गेले. म्हणाले, एवढं काढू, वाचक हसतील.

मी त्यांच्या हाताखालून कागद ओढून घेतले आणि दाराकडे चालू लागले. ज्यासाठी इतका आटापिटा केला ते सदर माझ्या पाठीमागे टेबलावर पडलं होतं. उंबऱ्यापाशी पोचले तेव्हा त्यांनी हाक मारली.

"आना इकडं," ते म्हणाले. "हसले त हसले."

अंक शनिवारी निघाला. रविवारी मी तो घेऊन वलगावला गेले. माय वेचणीवर होती, दहा-बारा बायका ओळीनं, कापूस ठेवायला कमरेला ओटे बांधलेले. मी शेताच्या धुऱ्यावर, बांधावर, उभी राहून मोठ्यानं वाचू लागले. बायका थांबल्या. माय थांबली नाही. तिची तीन बोटं बोंडावरून बोंडावर जात राहिली, पाल्याचा कण न येता. संबंध लेख वाचून झाला, खाली माझं नाव आलं, तेही वाचलं. बायका काही बाही बोलल्या, कोणी मायच्या पाठीवर थाप मारली.

मायनं ओटा सावरला आणि वर न पाहता म्हणाली, "मले नीट आयकू नाई आलं. पयली ओळ अजून एक डाव वाच."

मी वाचली. त्या दिवशी चार डाव वाचली.